गाडी मागून वाजतेय : ऐकणं, सांगणं आणि कारण शोधणं

इयत्ता : ४ थी ते ७ वी
विषय : मराठी, परिसर अभ्यास / विज्ञान, गणित
तासिका : ४ (शेवटची तासिका मैदानावर)



"गाडी मागून वाजतेय." हे वाक्य आपण सगळेच बोलतो. घरी बोलतो, गॅरेजमध्येही तेवढंच सांगतो आणि चावी देऊन मोकळे होतो. आता विचार करा, डॉक्टरांकडे जाऊन आपण नुसतं "दुखतंय" एवढंच सांगितलं तर? डॉक्टर विचारतील, कुठे दुखतंय, कधीपासून, जेवल्यावर की उपाशीपोटी, कळ येते की ठणकतं? या प्रश्नांच्या उत्तरांतच अर्धं निदान असतं. गाडीचंही तसंच आहे. आवाज कसला, कधी आणि कुठे येतो हे नीट सांगता आलं तर अर्धं काम तिथेच होतं. हे नीट ऐकणं आणि नीट सांगणं मुलांना शिकवता येतं का? येतं. त्यासाठीच हा पाठ.

हा विषय का निवडला तेही सांगते. आमचा पवनानगरचा भाग धरणाच्या कडेने पसरलेला आहे. जवण, शिळिंब, आजिवली, तुंग अशा गावांतून आणि आसपासच्या वाड्यांतून मुलं शिकायला बाहेर पडतात. कोणी एसटीने, कोणी जीपने, कोणी व्हॅनने. एक रस्ता कामशेतहून बेडशावरून येतो, दुसरा लोणावळ्याहून दुधिवरे खिंडीतून उतरतो. मावळातला पाऊस तुम्हाला माहीत आहेच. चार महिने पाणी आणि पुढचे चार महिने त्या पाण्याने पाडलेले खड्डे. सुट्टीच्या दिवशी पर्यटकांच्या गाड्यांची रांग वेगळीच. अशा रस्त्यावर रोज दोन वेळा ज्या गाडीत आपली मुलं बसतात, तिचा मागचा भाग वाजू लागला तर तो आवाज सर्वांत आधी कोणाला ऐकू येतो? मागच्या सीटवर बसलेल्या मुलांना. पण त्यांना कोणी विचारत नाही आणि त्यांनाही सांगायचं कसं ते ठाऊक नसतं.

१. आधी गाडीचा मागचा भाग समजून घेऊ

मुलांना तीनच गोष्टी सांगा : स्प्रिंग, शॉकअप आणि बुश.

स्प्रिंग गाडीचं वजन पेलते. जीप, बोलेरो, मालवाहू टेम्पो आणि जुनी ओम्नी व्हॅन यांना मागे पाटे असतात. म्हणजे एकावर एक ठेवलेल्या, किंचित वाकवलेल्या पोलादी पट्ट्या. पूर्वी टांग्यालाही असेच पाटे असायचे, बैलगाडीला नसायचे. म्हणून टांग्यात बसलेल्या माणसाची हाडं जरा कमी खिळखिळी व्हायची! स्विफ्टसारख्या छोट्या गाड्यांना मागे गुंडाळीची स्प्रिंग असते.

स्प्रिंगचा नियम रॉबर्ट हूक या इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञाने १६७८ साली प्रसिद्ध केला : जेवढा जोर, तेवढा ताण. वर्गात दाखवायला सिलिंडर देणाऱ्या दादांकडे असतो तसला स्प्रिंगचा काटा चालेल. त्यावरच्या खुणा सारख्या अंतरावर का असतात, हा प्रश्न मुलांना टाका. ५ किलोला स्प्रिंग जेवढी ताणते, त्याच्या दुप्पट १० किलोला ताणते, म्हणून! गाडीतही हेच होतं. प्रत्येकी २५ किलोची सहा मुलं आणि ३ किलोचं एकेक दप्तर म्हटलं तर १६८ किलो झाले. म्हणजे तांदळाचे ५० किलोचे तीन कट्टे ठेवून वर आणखी थोडं. मुलं बसली की गाडी मागून किती खाली येते, हे टेपने मोजता येतं.

पण स्प्रिंगची एक खोड आहे. एकदा दाबली की ती वरखाली होतच राहते. तिला आवरतो तो शॉकअप. पुस्तकात त्याला शॉक ॲब्सॉर्बर म्हणतात, गॅरेजमध्ये शॉकअप. त्याच्या नळीत तेल असतं आणि ते बारीक भोकांतून इकडून तिकडे ढकललं जातं. सुई काढलेल्या सिरिंजमधून पाणी पटकन ढकलून पाहा, हाताला अडथळा जाणवतो. तोच अडथळा गाडीचं उड्या मारणं थांबवतो.

यासाठी एक सोपी कृती आहे. रबरबँडला एक दगड बांधा, लटकवा, खाली ओढून सोडा आणि तो किती वेळा वरखाली होतो ते मोजायला सांगा. आता तोच दगड बादलीतल्या पाण्यात बुडेल असा धरा आणि पुन्हा ओढून सोडा. दगड लगेच शांत होतो. रबर म्हणजे स्प्रिंग आणि पाणी म्हणजे शॉकअपमधलं तेल. ही कृती एकदा केली की शॉकअप गेलेली गाडी खड्ड्यानंतर डुलत का राहते, हे वेगळं समजवावं लागत नाही.

तिसरी गोष्ट बुश. पाट्याच्या टोकाला, शॉकअपच्या दोन्ही टोकांना, जिथे जिथे लोखंडाला लोखंड जोडलेलं आहे आणि तरी ते हलायला हवं, तिथे मध्ये रबराचं कडं बसवलेलं असतं. तो बुश. वस्तू छोटी, पण हाडांच्या सांध्यातल्या कूर्चेचं काम करते. रबर वाळलं की कुरकुरतं, झिजलं की लोखंड लोखंडावर आपटतं. मागून येणाऱ्या कितीतरी आवाजांचं मूळ या एवढ्याशा रबरात निघतं.

२. आवाजाला नेमका शब्द

इथे आपली मराठी कामाला येते. व्याकरणात आपण अभ्यस्त शब्द शिकवतो आणि त्यात अनुकरणवाचक शब्द येतात. खडखड, करकर, घरघर, टकटक... मुलं ते पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरतात. पण हे शब्द म्हणजे निदानाची हत्यारं आहेत! प्रत्येक शब्दात आवाज कसा तयार झाला याची खूण आहे. बघा :

खुळखुळ, खडखड : काहीतरी सुटं आहे आणि बारीक हादऱ्याने हलतंय. बऱ्याचदा हा गाडीचा आवाजच नसतो. जॅक, पाना, सैल स्टेपनी, डिकीत लोळणारी पाण्याची बाटली, रिकाम्या सीटच्या पट्ट्याचं बक्कल, सैल नंबरप्लेट.

कुईकुई, करकर : दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासतायत आणि मध्ये ओलावा किंवा वंगण नाही. वाळलेला बुश किंवा पाट्यांच्या टोकांमधले झिजलेले पॅड. गाडी उभी असताना मागून दाबली तरी हा आवाज येऊ शकतो. याची एक गंमत आहे. पाऊस लागला की तो कधी कधी गायब होतो आणि ऊन पडलं की परत येतो. पाणी तात्पुरतं वंगणाचं काम करतं. म्हणून "पावसात बरी झाली" म्हणून विषय सोडून देऊ नका. तेच पाणी पुढे पाटे गंजवतं.

ठक, टक्, खट् : जोडणीत फट पडली आहे. खड्ड्यात चाक खाली गेलं की एकदा आणि वर आलं की एकदा, असा हा आवाज येतो. शॉकअपचा बुश, पाट्याच्या शॅकलचा बुश, सैल बोल्ट. मात्र हाच 'टक्' खड्ड्यात न येता गाडी जागेवरून हलताना किंवा क्लच सोडताना येत असेल तर संशय वेगळा. ज्या गाड्यांची मागची चाकं इंजिन फिरवतं, त्यांच्या खालून एक लांब शाफ्ट मागे जातो. त्याच्या सांध्यातला क्रॉस झिजला की असा आवाज येतो. तो सस्पेन्शनचा आवाज नाही.

धप्प, धाडकन : भार जास्त किंवा स्प्रिंग थकलेली. गाडी पार खालपर्यंत बसते आणि अडवण्यासाठी लावलेल्या रबरी गट्टूवर आपटते. हा आवाज भरल्या गाडीत, स्पीडब्रेकरवर किंवा खोल खड्ड्यात येतो.

घूंऽऽ, घरघर : खड्ड्याशी याचा संबंध नाही, वेगाशी आहे. सपाट रस्त्यावरही येतो आणि वेग वाढला की चढतो. चाकाचं बेअरिंग किंवा वेडंवाकडं झिजलेलं टायर.

टिक-टिक-टिक : चाकाच्या फेऱ्यांबरोबर येणारा. बऱ्याचदा टायरच्या खाचेत अडकलेला खडा असतो. इथे गणित लगेच जोडा. व्हॅनच्या चाकाचा घेर १.८ मीटर धरू. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला जवळजवळ तीन फेऱ्या घेतं. ताशी ३६ ला साडेपाच. टिकटिक त्याच हिशेबाने दुप्पट झाली तर आवाज फिरणाऱ्या भागातलाच आहे!

या भागासाठी वर्गात खेळ घ्या. एका मुलाने पडद्यामागे उभं राहून आवाज करायचा : डब्यात खडे हलवणं, दाराची बिजागरी, दोन पट्ट्या आपटणं, फुगा बोटाने घासणं. बाकीच्यांनी शब्द लिहायचा. एकाच आवाजाला दोन मुलांचे दोन शब्द आले तर भांडू द्या. "खडखड नाही बाई, खुळखुळ! आतलं बारीक आहे." असं मूल म्हणालं की समजायचं, त्याचा कान तयार होतोय.

३. कधी येतो? कुठे येतो? गाडी भरलेली की रिकामी?

शब्द मिळाला की पुढचे प्रश्न. हे फळ्यावर लिहून ठेवा :

- सकाळी गार असताना की दुपारी?
- कोरड्या रस्त्यावर की ओल्या?
- खड्ड्यात, वळणावर, ब्रेक लावताना, की सरळ रस्त्यावरसुद्धा?
- वेगाबरोबर वाढतो का?
- गाडी रिकामी असताना की भरलेली असताना?
- उजवीकडून की डावीकडून?
- कधीपासून? त्याआधी गाडीचं काही काम झालं होतं का?

शेवटचा प्रश्न मोठ्यांनीच विचारायचा आहे आणि तो फार महत्त्वाचा आहे. नुकतंच पंक्चर काढलं असेल, चाक बदललं असेल आणि त्यानंतर 'ढकढक' सुरू झाली असेल तर आधी चाकाचे नट पाहायचे, बाकी सगळं नंतर.

४. पुढचा की मागचा? घड्याळाने ठरवू

गाडीत बसल्यावर आवाज मागून येतोय असं वाटतं, पण खात्री काय? यासाठी एक सुंदर गणित आहे. स्पीडब्रेकरवर आधी पुढची चाकं चढतात आणि मग मागची. या दोघांमध्ये किती वेळ जातो?

मुलांना गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांमधलं अंतर टेपने मोजू द्या. ईको व्हॅनमध्ये ते २.३५ मीटर आहे. वेग ताशी १० किलोमीटर असेल तर सेकंदाला सुमारे २.७८ मीटर. २.३५ भागिले २.७८, म्हणजे सुमारे ०.८५ सेकंद. ताशी ५ किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालीने गाडी नेली तर सुमारे १.७ सेकंद. एवढा वेळ कानाला पुरेसा आहे. पहिला हादरा बसल्यावर लगेच आवाज आला तर तो पुढचा, दुसऱ्या हादऱ्याबरोबर आला तर मागचा.

डावा-उजवा ठरवायलाही हीच युक्ती. चालकाने एकाच बाजूची चाकं एखाद्या छोट्या उंचवट्यावरून हळू न्यायची, मग दुसऱ्या बाजूची. चाचणी मोकळ्या, सपाट जागेवर, चालकाने आणि मोठ्या माणसांनीच करायची. मुलं गणित वर्गात करतील.

५. कान फसतो, तो का?

एवढं करूनही आवाजाची नेमकी जागा चुकू शकते. त्याचं कारण 'ध्वनी' या पाठात आहे. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. पोलादात ५००० मीटरच्याही पुढे. शॉकअपच्या खालच्या टोकाला झालेली ठक पत्र्यातून धावत जाते आणि जिथला पत्रा मोठा आणि पातळ असतो तिथे घुमते. मग वाटतं डिकीच वाजतेय! वर्गात बाकाच्या एका टोकाला कान लावा आणि दुसऱ्या टोकाला कोणीतरी नखाने खाजवू द्या. हवेतून ऐकू न येणारा आवाज लाकडातून स्वच्छ येतो.

जुने मेकॅनिक याचाच उपयोग करतात. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक संशयित भागाला टेकवतात आणि मूठ कानाशी धरतात. पॅरिसमधल्या लेनेक या डॉक्टरांनी १८१६ साली कागदाची गुंडाळी रुग्णाच्या छातीला लावली आणि पुढे स्टेथोस्कोप झाला, त्याचंच हे भावंड. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेल्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेत गाडीचे आवाज आणि कंपनं यंत्रांनी मोजतात. पण तत्त्व तेच : एकेक भाग वेगळा करून ऐकायचा.

६. एका व्हॅनची गोष्ट

आता हे प्रत्यक्षात कसं उतरलं ते सांगते. आमच्याकडे मुलांना आणणाऱ्या एका काकांची जुनी, मागे पाटे असलेली व्हॅन वाजायला लागली. एका गॅरेजमध्ये दाखवल्यावर मागचे दोन्ही शॉकअप बदलले. पैसे गेले, एक दिवसाचा धंदा गेला, आवाज तसाच. काका वैतागले होते. व्हॅनवाल्याचा खाडा म्हणजे नुसती त्याची कमाई बुडत नाही, त्या दिवशी लांबच्या वाडीवरची मुलंही शाळेला मुकतात.

पाचवीच्या वर्गात मी विचारलं, "व्हॅनमधून येताना आवाज कोण ऐकतं?" दोन हात वर झाले. लगेच दुसरीकडून उत्तर आलं, "खोटं बोलतायत बाई, काहीच वाजत नाही!" दोन्ही बाजूंची मुलं खरं सांगणारी. मग हे कसं?

आम्ही आठवडाभर आवाजाची वही ठेवली. व्हॅनने येणाऱ्या प्रत्येकाने लिहायचं : तारीख, कुठे, शब्द, गाडीत किती जण, रस्ता कोरडा की ओला. आठवड्याने सगळ्यांच्या वह्या फळ्यावर एकत्र मांडल्या आणि मुलांनाच म्हटलं, शोधा. एका मुलीने ते पकडलं. ज्यांना आवाज येतो ती दोघं सर्वांत लांबून, सर्वांत आधी बसतात. "गाडीत चार जण झाले की आवाज बंद होतो, बाई." जी मुलं शेवटी बसतात त्यांना तो ऐकू येणारच नाही, कारण ती येईपर्यंत गाडी भरलेली असते! दोघांचंही खरं होतं. वर्गातलं आठवड्याचं भांडण एका तक्त्याने मिटलं.

वहीत दोन वेगवेगळे शब्द होते, खुळखुळ आणि टकटक. शनिवारी काकांनी गाडी मैदानावर आणली. आधी मागचं सगळं सामान काढलं. त्यात फडक्यात न गुंडाळलेला जॅक निघाला. तो बाजूला ठेवून काका एकटे फेरी मारून आले : खुळखुळ गेली, टकटक राहिली. म्हणजे आवाज एक नव्हता, दोन होते. एक दुसऱ्याला झाकत होता.

काका ती वही घेऊन दुसऱ्या मेकॅनिककडे गेले. "रिकाम्या गाडीत टकटक, भार पडला की बंद, शॉकअप नवीन" एवढं ऐकून त्याने थेट पाट्यांकडेच पाहिलं. पाटे एकत्र धरून ठेवणारी पट्टीची क्लिप एका बाजूला तुटली होती. भार असला की पाटे एकमेकांवर दाबून बसायचे. गाडी रिकामी असली की खड्ड्यात विलग व्हायचे आणि परत आपटायचे. क्लिप बसवली, टकटक गेली. दोन शॉकअपपुढे क्लिपचा खर्च काहीच नव्हता.

यात मुलांनी गाडी दुरुस्त केली असं मी म्हणणार नाही. दुरुस्ती मेकॅनिकनेच केली. मुलांनी त्याला नेमकी माहिती दिली.

७. तपासणीचा क्रम

पालकांनी आणि चालकांनी हा क्रम ठेवावा. नियम एकच : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि आवाज गेला, तर कशाने गेला ते कळत नाही.

१. गाडी रिकामी करा. जॅक, पाना, स्टेपनी घट्ट बसवा. एक फेरी मारा.
२. चाकाचे नट आणि टायरमधली हवा पाहा. टायरमध्ये खडा, खिळा, वेडीवाकडी झीज पाहा.
३. सपाट जागेवर रिकाम्या गाडीच्या दोन्ही मागच्या चाकांच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कमानीपर्यंतची उंची मोजा. एक बाजू स्पष्टपणे बसलेली असेल तर त्या बाजूची स्प्रिंग किंवा पाटा तुटल्याचा संशय.
४. एकेक कोपरा जोराने दाबून सोडा. गाडी वर येऊन लगेच स्थिर व्हायला हवी. डुलत राहिली तर शॉकअप थकला. दाबताना कुईकुई आली तर बुश.
५. बॅटरीच्या उजेडात बाहेरून वाकून पाहा : शॉकअपवर तेलाचा ओघळ, फाटलेलं रबर, तुटकी क्लिप, यू-बोल्टजवळ गंजाची ताजी लाल रेघ. जिथे लोखंड हलतंय तिथे गंजाची भुकटी दिसते.
६. सायलेन्सर थंड असताना हाताने हलवून पाहा. त्याला लटकवणारं रबर तुटलं की तो मागे आपटतो आणि नाव पाट्याचं होतं.
७. मग स्पीडब्रेकरची चाचणी आणि मग मेकॅनिक. जमलं तर मेकॅनिकला गाडीत बसवून न्या, आणि ज्या भाराला आवाज येतो तेवढाच भार ठेवा.

८. कोणत्या आवाजाला थांबायचं?

सगळे आवाज सारखे नसतात हे मुलांनाही कळायला हवं.

लगेच गाडी बाजूला घ्या : चाकाजवळची ढकढक वाढत असेल, लोखंड घासल्याचा खरखरीत आवाज सतत येत असेल, टायर पत्र्याला घासत असेल, एक बाजू अचानक खाली बसली असेल किंवा गाडी मागून ओढल्यासारखी चालत असेल. अशा गाडीत मुलं बसवायची नाहीत, खिंडीत तर नाहीच.

या आठवड्यात दाखवा : खड्ड्यातली ठक, भरल्या गाडीतली धप्प, वेगाबरोबर चढणारी घरघर, खड्ड्यानंतर डुलणं. डुलणारं चाक रस्त्यावर नीट टेकत नाही, ओल्या रस्त्यावर ब्रेकचं अंतर वाढतं.

सवडीने : नुसती कुईकुई, नुसती खुळखुळ. पण कारण सापडल्यावरच सवडीने म्हणायचं.

इथे एक माहिती द्यायला हवी. व्यावसायिक वाहनाला फिटनेस प्रमाणपत्र आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी घ्यावं लागतं. पण दोन तपासण्यांच्या मध्ये एक अख्खा पावसाळा येतो. क्लिप तुटायला एक खड्डा पुरतो. महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूल बस नियमावलीत प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी असं सांगितलं आहे आणि मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात. त्या समितीच्या बैठकीत मुलांची आवाजाची वही ठेवता येईल. चालकाला दोष द्यायला नाही, त्याला मदत म्हणून. काकांना हे पटलं म्हणूनच ते शनिवारी मैदानावर आले, हे विसरू नका.

९. सुरक्षिततेचे नियम (हे आधी सांगा, मग बाकीचं)

मुलांनी गाडीखाली डोकं, हात घालायचा नाही. मोठ्यांनीही नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच जायचं नाही. तपासताना इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढून-मागून दगड लावलेले. स्प्रिंग खोलणं हे फक्त मेकॅनिकचं काम. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणूस जायबंदी होईल एवढा जोर असतो. चालत्या गाडीत मुलांनी खिडकीबाहेर वाकून ऐकायचं नाही. बसल्या जागी ऐकायचं, उतरल्यावर लिहायचं.

१०. स्वाध्याय आणि मूल्यमापन

१. घरातले, शेतातले दहा आवाज ऐका. प्रत्येकाला एक अनुकरणवाचक शब्द द्या आणि तो आवाज कसा तयार होतो ते एका वाक्यात लिहा. (भातगिरण, रहाट, पंखा, शिलाई मशीन, कुकर...)
२. सायकलच्या चाकाचा घेर दोऱ्याने मोजा. १०० मीटर जाताना चाक किती फेऱ्या घेईल?
३. एका गाडीच्या चाकांमधलं अंतर २.७ मीटर आहे. ताशी ९ किलोमीटर वेगाने स्पीडब्रेकर ओलांडताना दोन हादऱ्यांमध्ये किती वेळ जाईल? (उत्तर : १.०८ सेकंद)
४. मेकॅनिकला चिठ्ठी लिहा. पाच ओळींत. "आवाज येतो" हे शब्द न वापरता.

चौथा स्वाध्याय हेच या पाठाचं खरं मूल्यमापन. चिठ्ठीत नेमका शब्द, वेळ, जागा, भार आणि आधी काय केलं हे पाचही आलं तर पाठ पोहोचला. मुलांनी "शॉकअप खराब आहे" असं लिहिलं तर गुण कापू नका, पण विचारा, "हे तू ऐकलंस की ठरवलंस?" जे ऐकलं ते आणि जो अंदाज केला तो, दोन वेगळ्या ओळींत लिहायला लावा. हा फरक मोठ्यांनाही अवघड जातो.

पालकांना एकच विनंती. मूल घरी येऊन म्हणालं की "व्हॅन आज वाजत होती", तर "तुला काय कळतंय त्यातलं" म्हणू नका. विचारा : कसली वाजत होती? कुठे? तेव्हा गाडीत किती जण होते? उत्तर कागदावर लिहा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो कागद काकांच्या हातात द्या.